‘हप्ते मी भरतो, तुझं नाव कशाला?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, लग्नाला १९ वर्षं. बी.कॉम. झाल्यावर पतपेढीत नोकरी होती, मुलगी झाली तेव्हा सोडली. पुढे मुलगा झाला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सहा वर्षं त्यांचं सगळं केलं; त्या गेल्या वर्षी गेल्या. आता जुना वन बीएचके विकून मोठा फ्लॅट घ्यायचा ठरलाय. ‘करारात माझंही नाव घालू या’ म्हटल्यावर नवरा म्हणाला, ‘हप्ते मी भरतो, तुझं नाव कशाला? माझ्यामागे तुझंच आहे ना सगळं?’ मारहाण नाही, व्यसन नाही, घरात काही कमी नाही. ‘मग मला हे इतकं का लागलं? आणि कायद्याने माझं आहे तरी काय?’

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो बाजूला ठेवून पहिल्यावर बोलत बसले तर नुसती समजूत काढल्यासारखं होईल, आणि समजूत काढणारे तुम्हाला घरात आणि माहेरी पुरेसे भेटले असतील.

नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या एकट्याच्या नावावर घर घेतलं, तर त्या घरात तुमची मालकी शून्य. एक टक्काही नाही. राहण्याचा हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ तो देतं आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. पण राहता येणं आणि मालकीण असणं यात किती अंतर आहे ते भाडेकरूला विचारा. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता लग्नाने एक होत नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशातून, त्याची. शेजारी गोव्यात उलटं आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची पद्धत चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, वाटा निम्मा-निम्मा, आणि घर विकायचं तर दोघांची सही. आपल्याकडच्या बांद्याहून गोव्यातलं पत्रादेवी किती लांब आहे? पण अलीकडच्या बाईचं घरकाम आणि पलीकडच्या बाईचं घरकाम कायद्याला वेगवेगळं दिसतं.

आता ‘माझ्यामागे तुझंच आहे सगळं’ या वाक्याकडे येऊ. समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की नवऱ्याने ‘माझ्यामागे’ म्हटलं की पुढचं मीच पुरं करते. बहुतेक जण ते मनापासून म्हणतात. पण ते खरं नाही. तुमच्यावर हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरते. मृत्युपत्र न करता नवरा गेला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलं आणि त्याची आई यांच्यात समान वाटली जाते. तुमच्या बाबतीत आज तुम्ही, मुलगी आणि मुलगा. म्हणजे तुमचा वाटा एक तृतीयांश. सासूबाई असत्या तर एक चतुर्थांश. आणि मृत्युपत्र केलं तर तो आपला सगळा फ्लॅट पुतण्यालाही देऊ शकतो. ‘नॉमिनी तूच आहेस’ यावरही विसंबू नका. नॉमिनीच्या हातात मालमत्ता येते ती वारसांसाठी सांभाळायला. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे.

मग बायकोच्या घरकामाला कायदा किंमतच देत नाही का? देतो. कधी देतो ते ऐका.

१९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागली आणि त्यात अनेक बायका-मुलं गेली. भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. २००१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल ठरवलं महिना ३००० रुपये. त्याआधी हिशोब केला गेला होता तो फारच कमी आहे म्हणून हे वाढवलं होतं, हे लक्षात घ्या. अपघाताच्या भरपाईसाठी मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरायचं अशी सोय होती. २०१० च्या एका निकालात न्या. गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवलं: तिथे गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्यां’त मोजलं होतं. ५ जानेवारी २०२१ ला अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात न्या. रमणा यांनी पुन्हा हा विषय लावून धरला. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास १६ कोटी आणि पुरुष ५८ लाखांच्या आसपास, हा आकडा त्या निकालपत्रात आहे.

बघा, म्हणजे तुमच्या कामाचा हिशोब मांडायला न्यायालय बसतं ते तुम्ही ट्रकखाली गेल्यावर. दुसरी वेळ लग्न मोडल्यावरची. पोटगीच्या प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात बायकोने मुलांसाठी आणि घरातल्या मोठ्यांच्या सेवेसाठी नोकरीची संधी सोडली का, हे बघायला सांगितलं आहे. तुमची पतपेढी आणि सासूबाईंची सहा वर्षं दोन्ही तिथे मोजली जातील. पण त्यासाठी आधी नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागेल, जे तुम्हाला नको आहे.

संसार चालू आहे, दोघं एका ताटातलं खाताहेत, अशा वेळी हा हिशोब मांडणारं कोणी नसतं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एक वेगळा निकाल दिला. नवरा सौदीत नोकरीला, बायको इकडे घर आणि मुलं सांभाळायला. तिच्या या कामामुळेच तो कमवू शकला, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे असं न्यायालयाने म्हटलं. निकाल मोलाचा आहे, पण महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. त्याची प्रिंट काढून नवऱ्यापुढे ठेवू नका. त्यामुळे नवरा हरल्यासारखा होईल आणि तुमचं काम होणार नाही.

आता का लागलं याबद्दल.

तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी कधी पैशाला नाही म्हटलं नाही.’ माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या घरातल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य असतंच. भाजीला पैसे, मुलांच्या फीला पैसे, माहेरी जाताना पैसे. मागितलं की मिळतं. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही खर्चाला पैसे न मागता कागदावर नाव मागितलं. तेव्हा तुमच्या लक्षात आलं की आजवर जे मिळत होतं ते मागितल्यावर मिळत होतं. लागलं ते हे. तुम्ही जास्त मनाला लावून घेणाऱ्या आहात म्हणून नाही.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. तो स्वभावाने शांत, हिशोबाचा पक्का. मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, घरातल्या ज्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात त्या लिहा. वीस मिनिटं दिली. त्याने सात ओळी लिहिल्या: हप्ता, विमा, गाडीचं सर्व्हिसिंग, मेंटेनन्स, असं. तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. सासऱ्यांची रक्त पातळ होण्याची गोळी संपायला चार दिवस उरले की आणायची. मुलाला बुधवारी पांढरे बूट. कामवालीच्या मुलीची परीक्षा, म्हणून त्या आठवड्यात भांडी स्वतः. नणंदेच्या घरी वास्तुशांत, अहेर काय. गिरणीत दळण. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर. त्याने कागद वाचला, उलटवला, परत वाचला. मग विचारलं, ‘गोळी संपते हे तुला कळतं कसं?’ ती म्हणाली, ‘मोजते.’ पुढचा सगळा तास ते दोघं माझ्याशी बोललेच नाहीत, एकमेकांशीच बोलत राहिले. मी चहा मागवला.

याच जोडप्यात दुसरीही गोष्ट होती, ती सांगायला हवी. तिला सासऱ्यांच्या अकरा गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या, पण घराचं कर्ज कोणत्या बँकेचं, किती उरलंय, घराचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, कुठल्या फायलीत आहे, यातलं काही माहीत नव्हतं. ‘ते बघतात.’ हे त्याने लपवलेलं नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं, कारण विचारणं म्हणजे अविश्वास असं तिला घरीदारी शिकवलेलं होतं.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषाची ८८. त्यातही पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २७, बायका ८१. पण माझ्या मते मिनिटांपेक्षा तो दोन्ही बाजूंनी भरलेला कागद जास्त बोलका आहे. दळण टाकायला दहा मिनिटं लागतात; ते टाकायचंय हे डोक्यात दोन दिवस असतं.

तरीही तुम्हाला एक गोष्ट करू नका म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर फिरणारा तो हिशोब, स्वयंपाकाच्या बाईचे इतके, धुण्याभांड्याचे इतके, शिकवणीचे इतके, नर्सचे इतके, एकूण बायकोचा पगार महिना अमुक हजार, तो नवऱ्यापुढे मांडू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत अशी बेरीज करून द्यायचे. त्यावर एकदा एक गृहस्थ थंडपणे म्हणाले, ‘ठीक आहे, ठेवू या बायका. मग ही काय करणार?’ आणि तिला रडू फुटलं. चूक माझी होती. नवऱ्याचं उत्पन्न वाढायला तुम्ही काय सोडलंत, हा खरा हिशोब आहे. सासूबाई आजारी होत्या त्या सहा वर्षांत नवऱ्याने किती रजा घेतल्या? बाहेरगावची बदली किंवा उशिराची मीटिंग घर कोण बघेल या कारणाने कधी नाकारावी लागली? नसेल, तर त्या बढत्यांमध्ये तुमची पतपेढीतली नोकरी गेलेली आहे. तुमचा भविष्य निर्वाह निधी, तुमची सेवाज्येष्ठता, तुमच्या नावाची निवृत्तीची रक्कम, हे सगळं हप्त्यात मुरलेलं आहे. ‘हप्ते मी भरतो’ हे वाक्य हिशोबाने अर्धंच बरोबर आहे.

आणि आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ‘पहिल्या घराच्या वेळी डिपॉझिट कमी पडत होतं म्हणून माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, पण ते काय, घरासाठीच होतं.’

ताई, पाटल्या आईने घातल्या होत्या ना? मग ते स्त्रीधन. १९८५ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की स्त्रीधनाची मालकी पूर्णपणे बायकोची, सासरच्या हातात ते ठेवीसारखं असतं. २४ एप्रिल २०२४ च्या निकालातही तेच: स्त्रीधन नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे; नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. पाटल्या परत मागा असं मी म्हणत नाही. पण जुना वन बीएचके पाटल्यांवर उभा राहिला, तो विकून आलेले पैसे नव्या फ्लॅटमध्ये जाणार. मग नव्या फ्लॅटमध्ये तुमचे पैसे आहेत, अगदी रोख. सराफाची मोड-पावती असेल तर शोधा. नसेल तर त्या महिन्याचं बँक पासबुक शोधा, पाटल्या घातलेला लग्नातला फोटो काढून ठेवा. भांडायला नाही, आठवण द्यायला. पुरुषांना पाटल्या आठवत नाहीत, पावती दिसली की आठवतात.

बोलायचं कसं? जेवताना नको, मुलांसमोर नको, आणि ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही’ या वाक्याने तर नकोच. त्याला उत्तर ठरलेलं असतं. मी माझ्याकडच्या बायकांना साधारण असं म्हणायला सांगते: ‘हे घर आपण दोघांनी उभं केलं असं मला वाटतं. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर कागदावर तसं लिहू. वाटत नसेल तर तेही मला स्पष्ट सांगा.’ यापुढे थांबायचं. शांतता जड होते, ती तुम्ही भरू नका. न्या. नागरत्ना यांनी १० जुलै २०२४ च्या निकालपत्रात नवऱ्यांना उद्देशून म्हटलंय की उत्पन्न नसलेल्या पत्नीला आर्थिक बळ द्यावं, जॉइंट खातं काढावं, एटीएम कार्ड द्यावं. सर्वोच्च न्यायालयाला हे निकालात सांगावं लागतं, म्हणजे तुमच्या एकटीच्या घरातला हा प्रश्न नाही, एवढं कळलं तरी तुमचा आवाज थोडा स्थिर होईल.

ते कदाचित म्हणतील, ‘तुला उत्पन्न नाही, बँक नाव घेणार नाही.’ असं नसतं. उत्पन्न नसलेली पत्नी सहमालक होऊ शकते. बँका साधारणपणे सहमालकाला सहकर्जदार करून घेतात. मात्र यात एक गोष्ट डोळे उघडे ठेवून समजून घ्या: सहकर्जदार झालात की हप्ते थकल्यास बँक तुमच्याकडेही येणार. म्हणून त्यांच्या नावे कर्जाएवढा मुदतीचा विमा आहे का, ते त्याच बैठकीत विचारा. नाव आणि जबाबदारी बरोबरच येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. पण माहीत हवं.

सगळ्यात महत्त्वाचं कागदाबद्दल. नुसतं नाव लागून भागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की दोघांनी वेगवेगळ्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा. म्हणजे पुढे कधी वाद झालाच तर ‘हप्ते मी भरले’ हे वाक्य तिथेही उभं राहील. म्हणून करारनाम्यात ‘दोघांचा समान, प्रत्येकी ५० टक्के अविभक्त हिस्सा’ असं शब्दांत लिहून घ्या. वकील म्हणेल गरज नाही. तरी लिहा. एक ओळ वाढते, बस.

करारनामा अजून रजिस्टर झालेला नसेल तर हे सगळं फुकटात होतं. रजिस्टर झाल्यावर बक्षीसपत्र करावं लागेल. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीत बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. वर स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो, आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. ‘फक्त तुझ्या नावावर घेऊ, बाईच्या नावाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे’ असं एजंट सुचवेल. सूट आहे, पण खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तरच. नवऱ्याचं नाव बरोबर असेल तर मिळत नाही. पैसे वाचतात म्हणून हा रस्ता धरू नका. आज तुम्हाला जे खुपतंय तेच उद्या त्यांना खुपेल.

फ्लॅटपुरतं न थांबता आणखी दोन गोष्टी करून घ्या. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं आहेत का ते ताबा मिळाल्यावर बघा. करारात नाव आणि सर्टिफिकेटवर नाही, अशी प्रकरणं माझ्याकडे येतात. आणि महिन्यातून एक रविवार, अर्धा तास, घराची फाइल दोघांनी मिळून उघडायची: कर्ज किती, विमा कुठे, पासवर्ड काय. तुम्ही बी.कॉम. आहात, पतपेढीत खतावण्या लिहिल्या आहेत. हे काम तुम्हाला त्यांच्यापेक्षा बरं जमेल, आणि गंमत म्हणजे बऱ्याच नवऱ्यांना मनातून ते ओझं उतरवायचंच असतं.

नवरा वाईट आहे का, हेही तुम्ही आडून विचारलंय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. त्याच्या वडिलांनी असंच केलं असेल, ऑफिसातल्या मित्रांनी असंच केलंय. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये म्हटलं की घरकामाचा भार पती-पत्नीने सारखा उचलायला हवा; त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं होतं की सुनेला घरचं काम सांगणं म्हणजे तिला मोलकरीण करणं नव्हे. दोन्ही वाक्यं आपल्याच समाजाची आहेत, आणि तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात दोन्ही असतील. पण सरळ, शांतपणे विचारल्यावरही ‘नाव नाही म्हणजे नाही’ असंच उत्तर आलं, किंवा विचारल्याबद्दल खर्चाचे पैसे आवळले गेले, तर मात्र मला परत लिहा. पैसे अडवून धरणं ही कायद्याने आर्थिक हिंसा आहे, आणि मग आपण वेगळ्या पद्धतीने बोलू.

तोवर आधी एक करा. बिल्डरकडून आलेला कराराचा मसुदा घरात असेल. त्यात सुरुवातीच्या पानांवर ‘खरेदीदार’ म्हणून कोणाचं नाव टाइप झालंय ते बघा, आणि दुय्यम निबंधकाकडची तारीख कधीची आहे ते विचारून ठेवा.